थंडोबाचे चार जोड

"आडवा नाही करायचा! काय सांगतोय मी? आडवा नाही!"

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर फ्रिज अडकला होता. खालून टेम्पोवाल्याने तो पाठीवर तोलला होता आणि वरून थंडोबाने पट्टा ओढून धरला होता. जिन्याची भिंत एका बाजूने आणि कठडा दुसऱ्या बाजूने, दोघेही वीतभर जागा सोडायला तयार नव्हते.

"मग काय भिंतीतून आरपार काढू?" टेम्पोवाला धापा टाकत म्हणाला.

"कलता कर. कलता चालतो. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरतं."

"तेलाचं काय घेऊन बसलात, इथे माझं तेल निघायची वेळ आली!"

थंडोबा हसला नाही आणि चिडलाही नाही. त्याने पट्टा मनगटाला एक वेढा देऊन घट्ट केला, पायरीवर टाच रोवली आणि म्हणाला, "तीन म्हणताना उचल." तीन म्हणताना फ्रिज सुटला. वर दारात एक सत्तरीच्या आसपासची बाई पदर खोचून उभी होती. तिने आधीच पायपुसणं बाजूला सारून, दाराची एक फळी कडीतून काढून वाट मोकळी करून ठेवली होती. गिऱ्हाइकाला हे सुचलेलं थंडोबाने आजवर दोन-तीनदाच पाहिलं असेल.

तो कशानेच चिडत नाही म्हणून त्याचं नाव थंडोबा पडलं होतं. एकोणतीस वर्षं तो एकाच वर्कशॉपमध्ये होता. लोकांनी काढून टाकलेले फ्रिज तिथे यायचे. त्यांचं मशीन बदलायचं, नळ्या जोडायच्या, गॅस भरायचा, दाराचं रबर नवं लावायचं, रंगाचा हात मारायचा आणि एक वर्षाच्या गॅरंटीने ते दुसऱ्या घरी द्यायचे. यातलं नळ्या जोडण्याचं काम थंडोबाचं. तांब्याच्या दोन नळ्या ज्योतीवर लाल करायच्या आणि त्यांच्या सांध्यात धातूची वितळलेली काडी अशी फिरवायची की पुन्हा तिथून वाराही बाहेर पडू नये. मोठे मालक होते तेव्हा गिऱ्हाइकाला सांगायचे, "मशीन जाईल एक वेळ, पण आमच्या थंडोबाचा जोड जायचा नाही."

मोठे मालक गेले. आता त्यांची मुलगी दुकान बघत होती. तिने गेल्या वर्षी थंडोबाला घरपोच कामावर घातलं. फ्रिजबरोबर जायचं, तो बसवायचा, चालू करून द्यायचा, चार गोष्टी समजावून सांगायच्या. "काका, गिऱ्हाइकाशी तुमच्यासारखं गोड कुणाला बोलता येतं?" असं म्हणाली होती ती. थंडोबाने मान हलवली. खरं कारण तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरत होता. जड काम असलं की काही नाही, पण बारीक कामाला हात लावला की बोटं आपल्या मनाने नाचू लागायची.

"कुठे ठेवायचा, सिस्टर?" टेम्पोवाल्याने विचारलं. खाली पाटीवर नावाऐवजी 'सिस्टर' एवढंच लिहिलेलं होतं. आख्खी इमारत त्यांना त्याच नावाने ओळखत होती.

"त्या कोपऱ्यात. भिंतीपासून चार बोटं सोडून."

थंडोबाने त्यांच्याकडे पाहिलं. हे वाक्य रोज तो बोलायचा.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत पलंगावर सिस्टरची थोरली बहीण पडून होती. "कोण आलंय गं?" असं ती थोड्या थोड्या वेळाने विचारायची आणि "फ्रिज आलाय, अक्का" असं सिस्टर प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे सांगायच्या. अक्काला पंधरा वर्षांचा मधुमेह. जुना फ्रिज परवा बंद पडला तेव्हा तीन महिन्यांच्या इन्सुलिनच्या शिश्या सिस्टरनी समोरच्या शेजारणीकडे नेऊन ठेवल्या होत्या. शेजारीण आज सहाला कुलूप लावून महिनाभरासाठी लेकीकडे चालली होती.

"सहापर्यंत गार होईल ना?" सिस्टरनी विचारलं.

"आत्ता बारा वाजतायत. जिन्यात कलता झालाय, म्हणजे दोन तास नुसता उभा ठेवायचा. दोनला बटण दाबू. तीनला बर्फाचं खोकं पांढरं दिसायला लागेल. सहाला काय, साडेचारलाच शिश्या आणा."

टेम्पोवाला खाली जाऊन गाडीत आडवा झाला. खरं तर फ्रिज ठेवून, सूचनांचा कागद हातात देऊन निघून जायचं असा दुकानाचा रिवाज होता. थंडोबा मात्र बर्फ धरलेला बघितल्याशिवाय निघत नसे. त्याने फ्रिजच्या पायांखालचे स्क्रू फिरवून पातळी जुळवायला घेतली. पेचकसाचं टोक खाचेत बसेना. एकदा घसरलं, दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तेव्हा बसलं. मग दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ती चारही बाजूंनी ओढून पाहिली. पट्टी कुठेही सहज निघाली नाही.

"भाऊ, चहा," म्हणत सिस्टर कपबशी घेऊन आल्या.

"ठेवा तिथे. घेतो मग."

सिस्टर क्षणभर उभ्या राहिल्या. मग कपबशी परत घेऊन गेल्या आणि अर्धा पेला चहा आणून त्याच्याजवळ ठेवला. थंडोबाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. घरी बायकोसमोरही तो चहा घेत नसे. ती आत गेली की घाईघाईने दोन घोटांत संपवायचा. एवढी दोन वर्षं लपवलेलं या बाईने दोन मिनिटांत ओळखलं होतं. पण पेला उचलताना एक थेंब सांडला नाही, हेही खरंच.

दोनला त्याने बटण दाबलं. मशीन एकदा खोकलं आणि घुमू लागलं. आवाज चांगला होता. भरलेला, एकसारखा. अक्का आतून म्हणाली, "कोण आलंय गं?"

तीनला त्याने वरचं दार उघडलं. बर्फाच्या खोक्याच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर पांढरी रेघ धरली होती. बाकी खोकं कोरडं ठणठणीत. त्याने तळहात लावून पाहिला. कोमट.

"अजून वेळ लागेल का?" सिस्टरनी विचारलं.

"बघू थोडं," थंडोबा म्हणाला. पण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोपऱ्यापुरतंच गारठणारं खोकं म्हणजे गॅस अर्धा निघून गेलेला असतो. हे एकोणतीस वर्षांत त्याला झोपेत उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

साडेतीनपर्यंत त्याने वाट पाहिली. पांढरी रेघ वाढली नाही. मग फ्रिज पुढे ओढून तो मागे जाऊन बसला. सिस्टरकडून वाटीत साबणाचा फेस करून घेतला आणि स्पंजने एकेका जोडाला लावू लागला. पहिला जोड ठीक. दुसरा ठीक. तिसऱ्यावर फेस पसरला, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग एक बुडबुडा हळूहळू फुगत मण्याएवढा झाला. फुटला. त्याच जागी पुन्हा दुसरा फुगू लागला.

थंडोबा त्या बुडबुड्याकडे बघत बसला.

जोड त्याचाच होता. बघणाऱ्याला सगळे जोड सारखेच दिसतात, पण करणारा आपला ओळखतोच. बारक्या, आता दुकानातला मुख्य वेल्डर, नळीचं टोक उजवीकडे मुरडायचा. थंडोबा सरळ ठेवायचा. हे टोक सरळ होतं. गेल्या आठवड्यात बारक्याची मुलगी तापाने फणफणली म्हणून तो चार दिवस आला नव्हता. गिऱ्हाइकं खोळंबली होती. मालकीण फोनवर फोन घेत होती. तेव्हा थंडोबा आपण होऊन म्हणाला होता, "मी करतो की." कोपर टेबलावर टेकवून, श्वास रोखून त्याने एका दिवसात चार फ्रिज जोडले होते. संध्याकाळी घरी जाताना त्याला कितीतरी दिवसांनी आपली चाल सरळ वाटली होती. रात्रभर चालवून पाहिले तेव्हा चारही फ्रिज गारठले होते. इतकी बारीक गळती एका रात्रीत कळत नाही.

"काय झालं, भाऊ?"

"गॅस गळतोय."

"आणताना आपटला का कुठे?"

थंडोबाने ओला हात विजारीला पुसला. त्याने मालकिणीला फोन लावला.

"गळती? कालपर्यंत तर ठीक होता!" ती म्हणाली. मागे दुकानात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. "टेम्पोत आदळला असणार. दुसरं काय! गेल्या महिन्यात दाराला पोचा पाडला, त्याच्या आधी काच फोडली. मी त्याला बजावलं होतं, तिसऱ्यांदा झालं तर उद्यापासून येऊ नकोस. जिन्यात आपटला ना?"

"जिन्यात… अडकला होता जरा."

"बघा! तुम्ही तरी त्याला किती सांभाळून घेणार, काका? थांबा, मी दुसऱ्या फ्रिजचं काय होतंय ते बघते."

फोन बंद झाला. थंडोबाने तो खिशात घातला. खोटं तो काही बोलला नव्हता. फ्रिज अडकला होताच. खिडकीतून खाली टेम्पो दिसत होता. बाहेर काढलेले टेम्पोवाल्याचे दोन पाय दिसत होते, आणि एका मोज्याला भोक पडलेलं होतं तेही.

सिस्टर स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "हात कधीपासून?"

"कसला हात?"

"भाऊ, मी बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. माझ्यापासून काय लपवता?"

थंडोबाने स्पंज वाटीत ठेवला. "दोन वर्षं झाली."

"दाखवलंत कुणाला?"

"नाही."

"माझे डोळे अधू झाले होते," सिस्टर म्हणाल्या. "शेवटच्या वर्षांत. औषधाच्या छोट्या कुप्या असतात ना, त्यांच्यावरची अक्षरं दिसायची नाहीत. मी आपली रंगावरून, आकारावरून ओळखायचे. कुणाला पत्ता नाही. एक दिवस भलत्याच कुपीतलं औषध सुईत भरलं. डॉक्टरांचं लक्ष गेलं म्हणून तो माणूस वाचला."

"मग तुम्ही सांगून टाकलंत?"

"कसलं सांगतेय! मी म्हटलं, लेबल पुसट छापलंय. कंपनीवर ढकलून मोकळी झाले. सगळ्यांना पटलंसुद्धा. पंधरा दिवसांनी माझ्या हाताखालच्या नर्सने मेट्रनला जाऊन सांगितलं, की सिस्टरना दिसत नाही." त्या पदराने चष्मा पुसू लागल्या. "बरोबरच केलं तिने. मी तिच्यावर रागावलेही नाही. पण माझ्या तोंडून जायला हवं होतं ते दुसरीच्या तोंडून गेलं. नोकरी सुटल्याचं काही वाटत नाही आता. हे मात्र अजून बोचतं."

आतून अक्काने विचारलं, "कोण आलंय गं?"

"फ्रिज दुरुस्त करणारे भाऊ आलेत, अक्का."

थंडोबा उठला. गुडघ्यांनी आवाज केला. गॅलरीत जाऊन त्याने पुन्हा फोन लावला.

"काका, बोलते थोड्या वेळाने, मी…"

"आत्ताच ऐक. टेम्पोवाल्याची चूक नाही. जोड माझा आहे."

पलीकडे पत्र्याचा आवाज चालूच होता.

"काय?"

"बारक्या नव्हता तेव्हा मी केलेला. कच्चा राहिलाय. आणि हा एकटाच नाही. त्या दिवशी मी चार जोडले होते. बाकीचे तीन घरोघरी गेलेत. ते पण बघावे लागतील."

लहानपणी हीच मुलगी शाळेतून येऊन त्याच्या टेबलाजवळ निळी ज्योत बघत उभी राहायची. डोळे जातील म्हणून तो तिला आपला काळा चष्मा लावायचा आणि तो तिच्या नाकावरून सारखा घसरायचा.

"मला ठाऊक होतं, काका," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "त्या दिवशी मी तुम्हाला थांबवायला हवं होतं. पण मलाही गरज होती ना. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं."

"जोडायच्या बत्तीला आता मी हात लावणार नाही."

"बरं," ती म्हणाली. मग लगेच कामाचं बोलली, "दुकानातला आपला छोटा फ्रिज पाठवते. पाण्याच्या बाटल्या असतात तो. टेम्पो रिकामा पाठवा लगेच."

थंडोबा खाली गेला. टेम्पोवाल्याला हलवून उठवलं.

"झालं काम?"

"नाही झालं. दुकानात जा आणि छोटा फ्रिज घेऊन ये. हा परत न्यायचाय."

"हा परत? तीन मजले? अहो काय चेष्टा लावलीय! काय झालं त्याला?"

"माझा जोड गळला."

टेम्पोवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. ओठांवर आलेला विनोद त्याने गिळला. नुसतं "होतं हो कधी कधी," असं म्हणून किल्ली फिरवली.

छोटा फ्रिज सव्वापाचला आला. तो लहान असल्याने वळणावर उभाच्या उभा निघाला आणि लगेच चालू करता आला. तासाभराचा प्रश्न होता, तो शेजारणीने जाता जाता आपल्या फ्रिजमधला सगळा बर्फ थर्मासमध्ये भरून देऊन सोडवला. सिस्टरनी शिश्या कापडात गुंडाळून त्यात ठेवल्या, आणि सातच्या सुमाराला एकेक मोजून छोट्या फ्रिजच्या मधल्या फळीवर लावल्या. थंडोबा तोवर बसून होता. निघताना सिस्टरनी त्याला एका कागदावर डॉक्टरचं नाव लिहून दिलं. अक्षर मोठं, ठसठशीत. "जा म्हणजे झालं," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी गेल्यावर बायकोने चहा ठेवला आणि ती आत वळली. "थांब जरा," थंडोबा म्हणाला. त्याने तिच्यासमोर कप उचलला. बशीवर कप किणकिणला, चहा त्याच्या बोटांवर आला. बायकोने कप त्याच्या हातातून काढून घेतला नाही. ती समोर बसली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही मला कधी सांगणारच नाही."

दुसऱ्या दिवसापासून थंडोबा बाकीच्या तीन फ्रिजमागे लागला. पहिला एका शिलाईच्या दुकानात होता. अर्धा तास फेस लावून बसला, एक बुडबुडा नाही. दुसराही ठीक निघाला. तिथून बाहेर पडताना त्याला आशा वाटू लागली, आणि आशा वाटली याचीच लाज वाटली.

तिसऱ्या घरी बारक्या बरोबर होता, लागलंच तर म्हणून बत्ती घेऊन. बारक्या हे नाव तो कोवळा असताना पडलेलं. आता तो दोन मुलांचा बाप होता आणि दारातून जरा तिरपा होऊन शिरायचा. जोडकाम त्याला थंडोबानेच शिकवलं होतं.

दार एका तरण्या सुनेने उघडलं. "बरं झालं आलात! दोन दिवस झाले, गार म्हणून होत नाही. होईल कसा? आमचे मामंजी दिवसभर दार उघडून उभे असतात. घाम येतो म्हणून! किती वेळा सांगितलं, अहो बिघडेल, बिघडेल. शेवटी बिघडवलाच."

म्हातारे मामंजी खोलीच्या टोकाला खुर्चीवर बसले होते. बनियनवर, हातात वर्तमानपत्राची घडी. घडीने वारा घेत होते, तेही चोरून घेतल्यासारखं. त्यांनी वर पाहिलं नाही.

थंडोबाने फ्रिज पुढे घेतला, फेस लावला. फार वाट बघावी लागली नाही.

तो उठून सुनेकडे वळला. पण बोलला ते खोलीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात.

"ताई, दार दिवसभर उघडं ठेवलं तरी असं होत नाही. याचा गॅस गळलाय. जोड कच्चा राहिला होता, आणि तो मी केलेला. यात आजोबांची काहीएक चूक नाही."

सून गोरीमोरी झाली. "अगंबाई," एवढंच म्हणाली आणि काही आठवल्यासारखं करून आत गेली. मामंजींच्या हातातली घडी थांबली. त्यांनी थंडोबाकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे पाहिलं. "बसा," ते म्हणाले. "पाणी प्या आधी."

"काम झाल्यावर घेतो, आजोबा."

बारक्याने उरलेला गॅस सोडून दिला, खिडक्या उघडल्या आणि बत्ती पेटवली. निळी ज्योत सूं करत ताठ उभी राहिली. भिंतीला झळ लागू नये म्हणून नळीच्या मागे पत्रा धरायचा असतो. ते काम नेहमी शिकाऊ माणसाचं. थंडोबाने न सांगता पत्रा उचलला आणि उकिडवा बसून दोन्ही हातांनी धरला.

नळी लाल होऊ लागली. खोलीत ज्योतीचा आवाज होता, आणि त्याच्याखाली आणखी एक बारीक आवाज. पत्रा फ्रिजच्या कडेला लागून टरटरत होता. थंडोबाने पकड घट्ट केली, तसा तो आणखी वाजू लागला. त्याने मान खाली घातली.

बारक्याने ज्योतीवरची नजर काढली नाही. वितळलेली काडी सांध्याभोवती फिरवता फिरवता त्याने आपला जाडजूड गुडघा थोडा पुढे सरकवला आणि पत्र्याला टेकवून ठेवला. आवाज थांबला.

"असाच धरा, काका," तो म्हणाला. "बरोबर धरलाय."